शासन निर्णय मध्येच का बदलला? दबावाचा माग कागदावरून काढण्याची रीत

'अमुक मंत्र्यांनी अमुक कंपनीला फायदा का करून दिला, याची माहिती द्यावी.' अशा वाक्याने सुरू होणारा माहिती अधिकाराचा अर्ज जन्मतःच मेलेला असतो. जन माहिती अधिकारी दोन ओळींत उत्तर देतो की, ही बाब 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. आणि कायद्याने तो बरोबर असतो. 'का'चे उत्तर देणे म्हणजे कारण पुरवणे, आणि ते माहिती अधिकाऱ्याचे काम नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितले आहे.

आपल्याकडे लॉबिंग, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने वळवण्यासाठी सरकारदरबारी वजन वापरणे, करणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदा नाही. मंत्र्याला कोण भेटले, काय मागितले, याची जाहीर नोंदवही नाही. त्यामुळे माणसाच्या मागे लागून हाती काही येत नाही. बदलाच्या मागे लागावे लागते. मसुद्यात एक होते, अंतिम निर्णयात दुसरे आले. या दोहोंच्या मधला कागद शोधायचा, एवढेच काम आहे. पुढचे टप्पे महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका, कारण बहुतेक प्रकरणे चुकीच्या माहितीने नाही, तर चुकीच्या क्रमाने बिघडतात.

## टप्पा १ : एकच निर्णय, एकच बदल

'शिक्षण विभागातील भ्रष्टाचार' हा विषय झाला, शोध नव्हे. शोध असा दिसतो: समजा, शाळांना साहित्य पुरवण्याच्या निविदेत अनुभवाची अट आधी तीन वर्षांची होती आणि शुद्धिपत्रकाने ती सात वर्षांची झाली. किंवा विकास योजनेत खेळाच्या मैदानासाठी राखलेला भूखंड फेरबदलानंतर निवासी झाला. दोन्हीकडे 'आधी' आणि 'नंतर' कागदावर आहे.

एका ओळीत लिहून पाहा: 'अमुक तारखेच्या कागदात अमुक अट होती, अमुक तारखेच्या कागदात ती अशी झाली.' ही ओळ लिहिता येत नसेल, तर अजून अर्ज करायची वेळ आलेली नाही.

तपासा: बदल खरोखर कोणाच्या तरी सोयीचा आहे का? काही अटी न्यायालयाच्या आदेशाने, लेखापरीक्षणाच्या आक्षेपाने किंवा केंद्राच्या नव्या नियमाने बदलतात. तसे असेल तर अंतिम कागदातच बहुधा उल्लेख सापडतो आणि तुमचे दोन महिने वाचतात.

## टप्पा २ : अर्जाआधी उघड कागद गोळा करा

हा टप्पा जवळपास सगळे जण गाळतात. जे संकेतस्थळावर आहे तेच अर्जात मागतात, आणि तीस दिवसांनी 'माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे' असे उत्तर घेऊन बसतात.

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार शोधा. प्रत्येक निर्णयाला लांबलचक सांकेतांक असतो, तो जपून लिहून ठेवा. मग निर्णय वाचायला घ्या, पण शेवटून नव्हे. बहुतेक लोक थेट 'शासन निर्णय' या शीर्षकाखालचा मजकूर वाचतात. कामाचा भाग त्याच्या वर असतो. 'वाचा' किंवा 'संदर्भ' या मथळ्याखाली आधीचे निर्णय, आयुक्तांची पत्रे, बैठकांच्या तारखा दिलेल्या असतात, आणि कधीकधी एखाद्या संघटनेचे निवेदनही तिथे नोंदलेले असते. पुढे जी नस्ती (त्या विषयाची सरकारी फाइल) तुम्ही मागणार आहात, तिची ही फुकट मिळालेली अनुक्रमणिका आहे. त्याखालच्या 'प्रस्तावने'त बदलाचे अधिकृत कारण असते. ते कारण जसेच्या तसे उतरवून घ्या. नंतर टिपणीतल्या, म्हणजे अधिकाऱ्यांनी नस्तीत लिहिलेल्या शेऱ्यांतल्या, कारणाशी ताडून पाहायचे आहे.

निविदेचा विषय असेल तर महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरून मूळ निविदा, सगळी शुद्धिपत्रके आणि निविदापूर्व बैठकीतील प्रश्नोत्तरे उतरवून घ्या. हे काम लगेच करा. निविदा बंद झाल्यावर जुनी कागदपत्रे शोधणे जिकिरीचे होते.

जमिनीच्या वापराचा विषय असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कोणत्या कलमाखाली फेरबदल झाला ते राजपत्रातील अधिसूचनेत पाहा. कलम ३७ च्या फेरबदलात हरकती व सूचना मागवाव्या लागतात. म्हणजे हरकतींची यादी आणि सुनावणीचा अहवाल नस्तीत असायलाच हवा. कलम १५४ खालचे निर्देश शासन वरून देते. अशा निर्देशाने मोठा बदल झालेला दिसला तर तिथे जास्त वेळ द्या.

सगळे गोळा झाले की एक कालरेषा करा: तारीख, कागद, काय बदलले. उजवीकडे एक रकाना मोकळा सोडा. नस्ती पाहिल्यावर तो भरायचा आहे.

## टप्पा ३ : नस्ती कोणत्या कार्यासनात आहे?

मंत्रालयातील प्रत्येक विभागात कार्यासने, म्हणजे ठरावीक विषय हाताळणारे छोटे कक्ष, असतात आणि नस्ती तिथे राहते. निर्णयाच्या वरच्या कोपऱ्यातील क्रमांकात कार्यासनाचे संक्षिप्त नाव असते, आणि शेवटी सही करणाऱ्याचे पदनाम. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक विभागाला आपली कार्यपद्धती आणि माहिती अधिकाऱ्यांची नावे स्वतःहून जाहीर करावी लागतात. त्यावरून अर्ज कोणाच्या नावे करायचा ते कळते.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला, तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा. प्रत्यक्षात तो महिनाभर फिरतो. पत्ता आधी शोधणे स्वस्त पडते.

## टप्पा ४ : अर्ज लिहिणे

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे, दाखला जोडावा लागतो. कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करता येतो, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. कारण सांगण्याची गरज नाही. कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. तरी लोक अर्धे पान 'मी एक जागरूक नागरिक' यावर खर्च करतात, आणि १५० शब्द तिथेच संपतात.

मजकूर असा असू शकतो:

> '(क्रमांक व तारीख) या शासन निर्णयाशी संबंधित मूळ नस्तीचा टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांच्या साक्षांकित प्रती. या विषयावर प्राप्त निवेदने व लोकप्रतिनिधींची पत्रे, त्यांवरील शेऱ्यांसह. या विषयावरील बैठकांची इतिवृत्ते व उपस्थितांच्या याद्या. (तारीख) ते (तारीख) या काळातील आवक नोंदवहीतील संबंधित नोंदी. प्रती देण्यापूर्वी मूळ नस्तीचे अवलोकन करू द्यावे.'

यात 'लाच', 'दबाव', 'संगनमत' यांपैकी एकही शब्द नाही. आरोप अर्जात आला की नस्ती सावध होते. एखादा कागद दुसऱ्या नस्तीत 'वर्ग' होतो, एखादे पान 'सापडत नाही'.

सावधान: मंत्र्यांच्या दालनात कोण आले याच्या प्रवेशनोंदी पहिल्याच अर्जात मागू नका. कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणे आता सोपे झाले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि त्या पोटकलमातली जुनी जनहिताची अट गेली. आता जनहिताचा मुद्दा कलम ८(२) खाली मांडावा लागतो. कलम शाबूत आहे, पण लढाई लांबते. बैठकीचे इतिवृत्त हा शासकीय कागद आहे, त्यावर नकार टिकवणे त्यांनाच जड जाते.

आणखी एक सावधान: नस्तीतले कागद हाती येण्याआधी तक्रार करू नका. लोकायुक्त, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, मुख्यमंत्री कार्यालय, कुठेही नाही. चौकशी सुरू झाली की कलम ८(१)(ज) पुढे करून नस्ती अडवली जाते. नुसती चौकशी चालू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, तिने तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावे लागते. पण हे अपिलात सिद्ध करेपर्यंत वर्ष जाते. आधी कागद, मग तक्रार.

## टप्पा ५ : नस्तीचे अवलोकन

प्रती मागवून घरी बसणारा माणूस, त्याला जे दिले तेच पाहतो. मूळ नस्ती समोर घेऊन बसणाऱ्याला जे दिले नाही तेही दिसते. कलम २(ञ) मध्ये कागद पाहणे, टिपणे घेणे, साक्षांकित प्रत घेणे हे सगळे येते. जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची सूचना शासनाने २०१८ मध्ये दिली होती. तुमच्या कार्यालयात ती पाळतात का, आधी विचारून जा. मंत्रालयातील नस्तीसाठी मात्र अर्जच करावा लागतो.

बसल्यावर सगळ्यात आधी पृष्ठक्रमांक पाहा. टिपणीची पाने सलग आहेत का? ४१ नंतर ४४ आले तर तिथेच कागदावर नोंद करून अधिकाऱ्याची सही मागा. सही नाही मिळाली तर त्याच दिवशी ईमेलने कळवा. ई-ऑफिसमधल्या नस्तीला प्रत्येक हालचालीची वेळ असते. ती हालचालनोंदही मागा.

मग टिपणी खालून वर वाचा, म्हणजे कक्ष अधिकाऱ्यापासून. खालच्या पायरीवर बहुतेक वेळा नियमाला धरून लिहिलेले असते: 'सदर मागणी मान्य करता येणार नाही.' अवर सचिव, उप सचिव तेच पुढे नेतात. आणि मग कुठेतरी सूर बदलतो. 'चर्चेनुसार फेरसादर' हे दोन शब्द दिसले की थांबा. चर्चा कोणाशी, कधी, तिचे इतिवृत्त कुठे? त्यानंतरची टिपणी आधीच्याच अधिकाऱ्याने लिहिली आहे की दुसऱ्याने? या जागेचा फोटो किंवा प्रत नक्की घ्या.

सूर बदलला त्याच सुमारास अधिकारी बदलला असेल, तर तो वेगळा धागा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये व्हायच्या असतात आणि नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा असतो. मुदतीआधी हलवायचे असेल तर कलम ४(५) प्रमाणे कारण लेखी नोंदवावे लागते आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ती नोंद वेगळ्या अर्जाने मागा. तेवढी एकच. नाहीतर एक विषयाच्या नियमावर अर्ज फेटाळला जाईल.

त्याच अधिनियमाने अधिकाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे बंधन घातले आहे. म्हणून दोन टोके तपासा: जी नस्ती महिनोन्महिने पडून होती आणि एका आठवड्यात चार सह्या घेऊन बाहेर पडली, तिच्यात त्या आठवड्याआधी काय आले ते आवक नोंदवहीत पाहा.

शेवटी शब्द ताडा. मला विचाराल तर या सगळ्या कामातला सर्वात भक्कम पुरावा इथे मिळतो. एखाद्या संघटनेच्या किंवा कंपनीच्या निवेदनातले वाक्य स्वल्पविरामासकट शासन निर्णयात उतरलेले असते. दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवा आणि समान शब्द अधोरेखित करा. त्यावर भाष्याची गरज पडत नाही.

तपासा: निवेदन देणे हा गुन्हा नाही. आमदाराने मतदारसंघातल्या उद्योगासाठी शिफारसपत्र देणे हेही रोजचे काम आहे. पत्र सापडले म्हणून हुरळून जाऊ नका. प्रश्न असा आहे की खालून आलेला लेखी आक्षेप न खोडता ती मागणी मान्य झाली का, आणि उलट बाजूच्या लोकांना ऐकून घेतले का.

## टप्पा ६ : नकार आणि अपील

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर तो नकार समजायचा. त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील करा: जोडपत्र 'ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. पुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे दुसरे अपील. मुदत उलटून मिळालेली माहिती कलम ७(६) प्रमाणे मोफत द्यावी लागते. प्रतीचे पैसे मागणारे पत्र उशिरा आले तर हे कलम दाखवा.

ठरलेले नकार आणि त्यांची उत्तरे:

- 'मंत्रिमंडळाची कागदपत्रे आहेत.' कलम ८(१)(झ) मध्येच पुढे लिहिले आहे की निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत साहित्य उघड करावे.
- 'व्यापारी गुपित आहे.' कलम ८(१)(घ). कंपनीची दरपत्रके झाका म्हणा, कलम १० प्रमाणे उरलेले द्या. अट बदलण्याचे निवेदन हे गुपित नसते.
- 'त्रयस्थ पक्षाने हरकत घेतली.' कलम ११ प्रमाणे त्याचे म्हणणे ऐकायचे असते, मानायचेच असते असे नाही. या प्रकरणात उत्तराची मुदत चाळीस दिवसांची असते, तेव्हा तीस दिवसांनी लगेच ओरडू नका.
- 'नस्ती सापडत नाही.' नस्ती शोधून देण्याचे किंवा जबाबदारी निश्चित करण्याचे आदेश अपिलात स्पष्ट शब्दांत मागा.

नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर असते. अपिलात हे एक वाक्य असू द्या. आणि कलम १८ ची तक्रार व कलम १९ चे अपील यांची गल्लत करू नका: कलम १८ मध्ये दंड होऊ शकतो, माहिती मिळण्याचा आदेश नाही. कागद हवा असेल तर अपीलच.

आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असतात. वाट पाहताना पुढचा टप्पा चालू ठेवता येतो.

## टप्पा ७ : नावे जुळवणे

आता, आणि आताच, माणसांकडे वळा. निविदा कोणाला मिळाली, भूखंड कोणाचा, निवेदन कोणाचे, ही नावे टप्पा २ आणि ५ मधून हाती आली आहेत.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. संचालक कोण, कधी आले, कधी गेले ते पाहा. बांधकाम प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) नोंदणीत प्रवर्तकांची माहिती मिळते.

लोकप्रतिनिधीचे निवडणूक शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. सगळे जण एकूण मालमत्तेचा आकडा पाहतात, तो बातमीपुरता ठीक आहे. तुम्ही तीन रकाने पाहा: समभाग व भागीदारी, कर्ज कोणाकडून घेतले, आणि शासनाशी असलेले करार. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचे रकाने वगळू नका. शपथपत्रात खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५क खाली गुन्हा आहे.

पक्षांच्या देणग्यांचे अहवाल आयोगाकडे असतात. २० हजार रुपयांवरच्या देणगीदारांची नावे त्यात येतात. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले आणि एप्रिल २०१९ पासूनच्या रोख्यांचा तपशील मार्च २०२४ मध्ये क्रमांकांसह प्रसिद्ध झाला. त्यामुळे त्या काळापुरते कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे जुळवता येते.

सावधान: देणगी आणि निर्णय एकाच वर्षात दिसले म्हणजे देवाणघेवाण सिद्ध झाली असे नाही. मोठ्या कंपन्या अनेक पक्षांना देतात. नामसाधर्म्य हा दुसरा सापळा. एकाच आडनावाचे दोन संचालक नातेवाईक धरून लिहिले की बदनामीची नोटीस येते आणि पाच महिन्यांचे काम बाजूला पडते. संचालक ओळख क्रमांक जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

## टप्पा ८ : योग्य दार

एकच तक्रार दहा ठिकाणी पाठवणे ही सर्वात लोकप्रिय चूक. प्रत्येक कार्यालय 'इतरत्र प्रलंबित' म्हणून हात झटकते.

निर्णय अजून मसुद्याच्या अवस्थेत असेल तर हरकत नोंदवा आणि सुनावणीला हजर राहा. हे सर्वात कमी खर्चाचे आणि सर्वात दुर्लक्षित दार आहे. अधिवेशन जवळ असेल तर नस्तीतली दोन पाने घेऊन आमदाराकडे जा, भाषण घेऊन नको; तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर नस्तीशी विसंगत निघाले तर नवाच मुद्दा हाती येतो.

आत्ता कोणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी १०६४. 'साहेबांकडून करून देतो' म्हणणारा मध्यस्थही सुटत नाही: भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे २०१८ मध्ये आलेले कलम ७क नेमके अशा वजन वापरणाऱ्यांसाठी आहे. मात्र झालेल्या निर्णयाच्या तपासासाठी कलम १७क प्रमाणे पूर्वमान्यता लागते, म्हणून जुन्या निर्णयावर तिथे वेग अपेक्षू नका. अशा प्रकरणात लोकायुक्तांकडे शपथपत्रासह तक्रार करणे बरे. तक्रारीला कालमर्यादा असते, ती मोजूनच टप्पा ६ ची वाट किती पाहायची ते ठरवा. उच्च न्यायालयात जनहित याचिका हा शेवटचा मार्ग, आणि तिथे तुमचा स्वतःचा काही हितसंबंध असेल तर तो आधी सांगावा लागतो.

तक्रार चार पानांच्या आत ठेवा. पहिल्या पानावर कालरेषा, दुसऱ्यावर शेजारी ठेवलेले दोन परिच्छेद. विशेषणे गाळा. 'संगनमताने' ऐवजी 'टिपणी पृष्ठ २७ वरील आक्षेपाचे निराकरण न करता' असे लिहा.

## सुरक्षिततेबद्दल

तळेगाव दाभाडे येथे जमीन प्रकरणांचा पाठपुरावा करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. जमीन, वाळू आणि मोठी कंत्राटे या विषयांत एकट्याने काम करू नका. दोघा-तिघांनी वेगवेगळ्या गावांतून अर्ज करा, कागदांच्या प्रती किमान एका बाहेरच्या व्यक्तीकडे ठेवा, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. 'बसून मिटवू' असा निरोप आला तर एकटे भेटायला जाऊ नका आणि अर्ज मागे घेऊ नका. मागे घेतलेला अर्ज पुढे तुमच्यावरच खंडणीचा संशय घ्यायला वापरला जातो.

तक्रार गेल्यावरही महिन्यातून एकदा शासन निर्णयांचे संकेतस्थळ त्या विभागापुरते चाळत राहा. वादग्रस्त अट गाजावाजा न करता शुद्धिपत्रकाने मागे घेतली जाण्याची शक्यता असते. तसे झाले तर त्या शुद्धिपत्रकाची नस्ती मागणारा नवा अर्ज करा, आणि त्याच्या 'वाचा' खाली तुमच्या तक्रारीचा उल्लेख आहे का ते पाहा.